अँटेना छपरावर, पुरावा असोसिएशनवर

अमेरिकेच्या उपनगरात स्वतःच्या पैशाने घर घेतलेल्या माणसाला दाराला कोणता रंग द्यावा, अंगणातले गवत किती वाढू द्यावे, कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला केव्हा आणून ठेवावा, धुतलेले कपडे बाहेर वाळत घालावेत की नाही, हे पुष्कळदा स्वतः ठरवता येत नाही. ते ठरवते वसाहतीची ‘होमओनर्स असोसिएशन’. नियम मोडला की आधी पत्र येते, मग दंड लागतो, येणे थकले की घरावर बोजा चढतो, आणि कित्येक राज्यांत थकबाकीपोटी घर विक्रीला काढण्यापर्यंत असोसिएशनची मजल जाऊ शकते. अशा या कडक कारभारातून टीव्हीचा अँटेना मात्र सुटला आहे. छपरावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारा तो धातूचा सांगाडा निव्वळ ‘आम्हांला आवडत नाही’ म्हणून काढायला लावणे असोसिएशनला १९९६ पासून जमलेले नाही. हे कसे घडले याची गोष्ट सहसा ‘सरकारने अँटेनाला परवानगी दिली’ अशी थोडक्यात सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. परवानगी देणारे कायदे पुष्कळ असतात आणि त्यांतले पुष्कळसे कमिटीच्या टेबलावर जिरून जातात. हा नियम टिकला आणि चालला, कारण वाद झाला तर कोणी काय सिद्ध करायचे, आणि निकाल लागेपर्यंत अँटेना छपरावर राहील की खाली उतरेल, या दोन गोष्टींची उत्तरे त्याने आधीच देऊन टाकली.

असोसिएशन म्हणजे आपली गृहनिर्माण सोसायटीच, असे आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, आणि ते बरेचसे खरेही आहे. वर्गणी, कमिटी, वार्षिक सभा, त्या सभेतली तावातावाची भांडणे, सगळे ओळखीचे. मात्र तिकडच्या बऱ्याच असोसिएशन सुट्या घरांच्या वसाहतींवर चालतात. भिंत सामाईक नसते, जिना सामाईक नसतो, भांडायला गच्चीही नसते. पहिले घर विकण्याआधीच विकसक जमिनीच्या दस्तात अटींचा जाडजूड संच नोंदवून ठेवतो. या अटी जमिनीला चिकटतात. घर दहा वेळा हातोहात गेले तरी दहाव्या मालकाला त्या पहिल्याइतक्याच लागू. कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजानुसार १९७० मध्ये अशा सुमारे १० हजार असोसिएशन होत्या. आता त्या साडेतीन लाखांच्या पुढे आहेत आणि सात कोटींहून अधिक माणसे त्यांच्या अमलाखाली राहतात. तेव्हा हा कुठल्यातरी चार हट्टी शेजाऱ्यांचा प्रश्न समजू नये. नगरपालिकेच्याही खाली, थेट कुंपणापर्यंत पोचलेली ही एक सत्ता आहे.

न्यायालये या सत्तेकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या एका निकालात स्वच्छ दिसते. एका फ्लॅटधारक महिलेने घरात तीन मांजरे पाळली होती. वसाहतीच्या दस्तात कुत्र्यामांजरांना बंदी होती. असोसिएशनने दंड लावायला सुरुवात केली, आणि मांजरे घराबाहेर पडत नाहीत, आवाज करत नाहीत, कोणाला उपद्रव देत नाहीत, असे म्हणत ती बाई न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की नोंदवलेल्या दस्तातली अट वाजवी आहे असेच धरून चालायचे. ती अवाजवी असल्याचे दाखवायचे असेल तर ते घरमालकाने दाखवायचे, आणि तेही आपल्या तीन मांजरांपुरते बोलून भागणार नाही. अख्ख्या वसाहतीचा विचार करता अट अवाजवी ठरते, हे दाखवावे लागेल. पुढे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून किमान एक पाळीव प्राणी ठेवण्याची मुभा दिली, ती गोष्ट वेगळी. न्यायालयाचा कल मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे: असोसिएशन आणि मालक यांच्या भांडणात पारडे सुरुवातीलाच असोसिएशनकडे झुकलेले असते, आणि ते उचलण्याचा सगळा खर्च मालकाच्या अंगावर पडतो.

अँटेनाच्या बाबतीत हे पारडे फिरले त्याचे कारण घरमालकांचे प्रेम नव्हते. कारण होते केबल कंपन्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन गावांत केबल पुरवणारी कंपनी एकच असे. तिने दर वाढवले तर ग्राहकाने जायचे कुठे? उपग्रहावरून वाहिन्या आधीपासून मिळत होत्या, पण त्यासाठी लागणारी डिश दोन-तीन मीटर व्यासाची, अंगण अडवून बसणारी. १९९४ मध्ये डायरेक्टीव्ही सुरू झाली आणि डिश ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे मोठ्या परातीएवढी झाली. केबलला खरा प्रतिस्पर्धी मिळाला. आता अडचण तंत्राची राहिली नव्हती, दस्तातल्या एका ओळीची होती: ‘घराबाहेर कोणताही अँटेना लावू नये.’ ही ओळ जिथे जिथे होती, तिथे तिथे केबल कंपनीला आयतेच संरक्षण मिळत होते, आणि तेही ग्राहकाच्या शेजाऱ्यांकडून. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी सही केलेल्या दूरसंचार कायद्यात कलम २०७ आले ते या पार्श्वभूमीवर. कलम अगदी आखूड आहे. छोट्या डिश, साध्या टीव्हीचे अँटेना आणि त्या काळच्या ‘बिनतारी केबल’ सेवेचे अँटेना यांवरून कार्यक्रम पाहण्याच्या प्रेक्षकाच्या क्षमतेत अडथळा आणणारे निर्बंध मोडून काढणारे नियम १८० दिवसांत करा, असा हुकूम त्यात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला, म्हणजे दूरसंचार आयोगाला, दिलेला आहे. आयोगाचा नियम १४ ऑक्टोबर १९९६ पासून लागू झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून सगळे त्याला ‘ओटार्ड’ म्हणतात.

नियम कशाला लागू आहे ते थोडक्यात सांगतो. एक मीटरपर्यंत व्यासाची डिश. अलास्कात कोणत्याही मापाची, कारण तिथे उपग्रह क्षितिजाला टेकलेले दिसतात आणि छोटी डिश पुरी पडत नाही. स्थानिक टीव्ही केंद्रांचे प्रक्षेपण पकडणारा अँटेना. त्याला मापाची मर्यादा नाही, फक्त त्याचा खांब छपराच्या वर १२ फुटांहून उंच जात असेल तर सुरक्षिततेच्या कारणासाठी परवाना मागता येतो. पुढे बिनतारी इंटरनेटचे अँटेनाही त्यात आले, म्हणून आज स्टारलिंकची तबकडी लावणाऱ्यालाही याच नियमाचा आधार आहे. असोसिएशन, घर भाड्याने देणारा मालक, नगरपालिका, काउंटी, राज्य सरकार, निर्बंध घालणारा कोणीही असो, नियम सगळ्यांना सारखा. अडथळा म्हणजे काय, याच्या तीन कसोट्या आहेत: अँटेना लावायला, राखायला किंवा वापरायला अवाजवी उशीर लागत असेल किंवा ते होऊच शकत नसेल, अवाजवी खर्च वाढत असेल, किंवा चांगल्या प्रतीचा सिग्नल मिळत नसेल. तिन्हींपैकी एक जरी लागू पडली तरी निर्बंध बाद.

तिसरी कसोटी कागदावर सोपी वाटते, पण खरी भांडणे तिच्यावरच होतात, म्हणून अँटेना काम कसे करतो हे जरा जवळून पाहायला हवे. छपरावरच्या नेहमीच्या अँटेनाच्या आडव्या दांड्या शोभेसाठी कमीजास्त लांबीच्या केलेल्या नसतात. जी लहर पकडायची तिच्या साधारण निम्म्या लांबीची दांडी लागते. अमेरिकेत सध्या बहुतेक केंद्रे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहेत. तिथे अर्धी लहर पंचवीस ते बत्तीस सेंटिमीटरची, म्हणजे फुटाच्या आसपास. खालच्या व्हीएचएफ पट्ट्यातली वाहिनी, समजा दोन क्रमांकाची, पकडायची तर तीच दांडी अडीच मीटरच्या पुढे जाते. अँटेना किती अवाढव्य दिसेल हे त्यामुळे मालकाच्या हौसेवर अवलंबून नसते. त्याच्या गावाजवळची केंद्रे कोणत्या पट्ट्यात आहेत यावर ते ठरते. दुसरी गोष्ट उंचीची. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी, झाडी, शेजारचे घर आले की दुबळ्या होतात. पत्रा, पाणी शोषलेले लाकूड, उष्णता अडवण्यासाठी छपराखाली लावलेला चकचकीत धातूचा पडदा यांतून जाताना तर त्यांचा जीवच जातो. म्हणून ‘लावायचाच तर माळ्यावर लावा’ हा असोसिएशनचा आवडता तोडगा काही घरांत ठीक चालतो आणि काही घरांत अजिबात चालत नाही. जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात सिग्नल दुबळा झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण बातम्या देणारा माणूस दिसायचा. १२ जून २००९ रोजी अमेरिकेची मोठी केंद्रे पूर्णपणे डिजिटल झाली आणि मधली पायरीच गेली. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र आरशासारखे. त्याखाली जरा घसरला की चौकोन चौकोन होऊन गोठते आणि पडदा काळा पडतो. छपरावरून माळ्यावर, पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूला एवढ्याशा हलवाहलवीत एखादे केंद्र कायमचे जाऊ शकते. डिशचे गणित आणखी कठोर. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी टांगल्यासारखे असतात, म्हणून अमेरिकेतल्या डिशला दक्षिणेकडचे मोकळे आकाश हवेच. ‘समोरून दिसायला नको, मागे लावा’ हे वाक्य घराचे तोंड उत्तरेला असेल तर निरुपद्रवी आहे. दक्षिणेला असेल तर ती सरळसरळ बंदी.

आता मूळ मुद्दा. एखादा निर्बंध चालेल की नाही याचा पुरावा देण्याची जबाबदारी आयोगाने निर्बंध घालणाऱ्यावर टाकली. मांजरांच्या खटल्यात होते त्याच्या बरोबर उलट. माळ्यावर सिग्नल येत नाही हे मालकाने सिद्ध करत बसायचे नाही. माळ्यावरची सक्ती त्याला अडथळा ठरत नाही हे असोसिएशनने दाखवायचे. शिवाय आधी अर्ज करा, कमिटीची सभा होऊ द्या, मंजुरी मिळाली की लावा, ही पद्धत आयोगाने सुरक्षितता आणि ऐतिहासिक वास्तू हे दोन अपवाद वगळता मोडीत काढली. कारण उघड आहे. नकार देणारी कमिटी वादात सापडते. ‘पुढच्या महिन्याच्या सभेत घेऊ’ म्हणणारी कमिटी कधीच सापडत नाही. परवान्याचे शुल्क, कंत्राटदाराकडूनच बसवून घेण्याची सक्ती, भोवती महागडी झाडे लावून डिश झाकण्याची अट, हे सगळे बहुतेक वेळा अवाजवी खर्चात जमा होते. इथे आयोगाने एक शहाणपणाची कसोटी सुचवली आहे, आणि ती मला फार आवडते: घराबाहेरच्या वातानुकूलन यंत्राला, कचऱ्याच्या डब्याला तुमचे नियम कसे वागवतात ते आधी पाहा. तो गुरगुरणारा लोखंडी खोका उघड्यावर चालत असेल, तर डिशसाठीच हिरवी भिंत कशाला? आणि वाद आयोगापुढे किंवा न्यायालयात गेला, की तो चालू असेपर्यंत सर्वसाधारणपणे निर्बंध अमलात आणता येत नाही आणि दंडही वसूल करता येत नाही. निकाल मालकाच्या विरुद्ध गेला तरी, त्याची बाजू अगदीच पोकळ नसेल तर, नियम पाळायला २१ दिवसांची मुदत मिळते. हे दंडाचे कलम बारीकसे दिसते, पण तेच निर्णायक आहे. शंभरेक डॉलरच्या अँटेनासाठी रोज चढत्या दंडाची जोखीम घेऊन कोण लढेल? दंडाचे मीटर थांबले की घाई मालकाला राहत नाही, असोसिएशनला होते.

एक तुलना इथे केल्यावाचून राहवत नाही. २००६ मध्ये अमेरिकी संसदेने मालकाला आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावता यावा म्हणून वेगळा कायदा केला. त्यात वेळ, जागा आणि पद्धत यांवर वाजवी निर्बंध घालण्याची मोकळीक असोसिएशनला ठेवली. पुरावा कोणी द्यायचा, वाद चालू असताना काय करायचे, यांबद्दल अँटेनासारखी तपशीलवार तजवीज त्यात नाही. कागदावर तरी अमेरिकन घराच्या छपरावर टीव्हीचा अँटेना देशाच्या झेंड्याहून अधिक सुरक्षित आहे.

या नियमावरचा सर्वांत वजनदार आक्षेप करारस्वातंत्र्याचा आहे. घर घेताना तुम्ही दस्त वाचला, अटी मान्य केल्या, त्या अटींमुळे वसाहत नीटनेटकी राहते म्हणून जास्त किंमतही मोजली. आता एकच अट नको म्हणणे म्हणजे शेजाऱ्यांना फसवणे नाही का? आक्षेपात तथ्य आहे, आणि ‘असोसिएशनवाले जुलमी असतात’ एवढे म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण दस्तातली अट दोघांतल्या साध्या करारासारखी नसते. ती वाटाघाटीतून येत नाही. घ्यायचे तर सगळे घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा, असा तिचा बाणा असतो, आणि नव्या वस्तीतली बहुतेक घरे जिथे असोसिएशनखालीच येतात तिथे ‘दुसरीकडे’ फारसे शिल्लक उरत नाही. शिवाय जमिनीला चिकटलेल्या अटींना कायद्याची मर्यादा कधीच नव्हती असे नाही. अमुक वंशाच्या माणसाला हे घर विकू नये, अशा अटी अमेरिकेच्या असंख्य दस्तांत राजरोस होत्या. त्यांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुईसच्या एका घराच्या प्रकरणात १९४८ मध्ये ठरवले. वंशभेद आणि अँटेनाबंदी यांना एका मापाने मोजण्याचा हेतू नाही. एवढेच दिसते की खासगी दस्ताचा परिणाम सार्वजनिक व्यवहारावर होऊ लागला की कायदा त्यात हात घालतो. एका दस्तातली ओळ म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांतली बाब; हजारो दस्तांत तीच ओळ असेल तर ती देशाच्या दूरचित्रवाणी बाजाराची रचना ठरवते, आणि ती रचना ठरवण्याचे काम संसदेचे आहे.

दुसरा आक्षेप दिसण्याचा आणि किमतीचा. अँटेना कुरूप दिसतात, वसाहतीची रया जाते, घरांचे भाव पडतात. पहिल्या भागावर वाद घालण्यात अर्थ नाही. गंजलेला, एका अंगाला झुकलेला सांगाडा कोणालाच सुंदर वाटणार नाही. पण नियमाने दिसण्याचा विचार मुळीच टाकून दिलेला नाही, हे टीकाकार सोयीने विसरतात. सिग्नल बिघडत नसेल आणि फार खर्च येत नसेल, तर डिशला भिंतीचा रंग द्या, झुडपाआड ठेवा, दोन जागी सारखाच सिग्नल मिळत असेल तर कमी दिसणारी जागा निवडा, असे असोसिएशन सांगू शकते. सुरक्षिततेसाठी तर तिला बराच अधिकार आहे: विजेच्या तारांपासून ठरावीक अंतर, आगीतून सुटकेच्या जिन्यावर अँटेना नको, खांब नीट घट्ट बांधलेला हवा. फक्त कारण स्पष्ट लिहिलेले हवे, गरजेपेक्षा जाचक नको, आणि तशाच दुसऱ्या वस्तूंनाही तोच न्याय हवा. ज्या असोसिएशनला खरोखर दिसण्याचीच काळजी आहे तिचे या चौकटीत काही अडत नाही. अडते ते जिला कारण न देता ‘नको’ म्हणायचे आहे तिचे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. १९९६ मध्ये केबलची मक्तेदारी होती हे कबूल, पण आता सगळे इंटरनेटवर मिळते. मग छपरावर दांड्या कशाला? याचे एक उत्तर पैशाचे आहे. अँटेनावरून येणारी स्थानिक केंद्रे फुकट असतात, महिन्याचे बिल नाही; वादळाचा इशारा असो की रविवारचा फुटबॉलचा सामना, इंटरनेट बंद पडले तरी पडद्यावर येतो. दुसरे उत्तर निवडीचे. आपल्या संकुलात सामाईक अँटेना आहे म्हणून घराघरावर नको, असे असोसिएशनला म्हणता येते, पण काही अटींवर: सिग्नल तितकाच चांगला हवा, खर्च जास्त नको, उशीर नको, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकाला जी सेवा हवी तीच मिळायला हवी. या शेवटच्या अटीचा अर्थ परदेशातून तिथे गेलेल्या माणसाला लगेच कळतो. भारतीय भाषांतल्या वाहिन्या अमेरिकेत बरीच वर्षे मुख्यतः डिशच्या पॅकेजमधून मिळत. गावच्या केबलवर शंभर वाहिन्या असल्या तरी त्यांत मराठी किंवा गुजराती शोधून सापडत नसे. न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या आजी-आजोबांना ‘केबल आहे की’ हे उत्तर पुरणारे नव्हते. हाच प्रश्न युरोपात मानवी हक्कांच्या न्यायालयात गेला होता. स्टॉकहोमजवळ भाड्याने राहणाऱ्या, इराकमधून आलेल्या एका कुटुंबाने अरबी आणि फारसी वाहिन्यांसाठी डिश लावली. घरमालकाने काढा म्हटले, त्यांनी ऐकले नाही, आणि तीन मुलांसह त्यांना घर सोडावे लागले. माहिती मिळवण्याच्या त्यांच्या स्वातंत्र्याचा भंग झाला, असा निकाल युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये दिला. स्वीडिश न्यायालयांनी करार पाहिला होता. वरच्या न्यायालयाने त्या डिशवरून मायभूमीच्या बातम्या येतात हे पाहिले. अमेरिकेने त्याच ठिकाणी स्पर्धेच्या वाटेने जाऊन दहा वर्षे आधी मुक्काम गाठला होता. माझ्या मते हक्काची भाषा अधिक उदात्त असली तरी अमेरिकन वाट सामान्य माणसाला अधिक उपयोगी पडली, कारण स्ट्रासबर्गच्या त्या न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद किती भाडेकरूंत असते?

तरी या नियमाची एक बाजू मला पटत नाही. अँटेनाचा हक्क फक्त त्या जागेत आहे जी तुमच्या एकट्याच्या वापरात आहे. स्वतंत्र घर असेल तर छप्पर, अंगण, कुंपणाच्या आतले सगळे. फ्लॅट असेल तर बाल्कनी किंवा तुमच्या नावची अंगणपट्टी. इमारतीचे सामाईक छप्पर आणि बाहेरची भिंत यांवर हक्क नाही. सुरुवातीला तर भाडेकरूंना काहीच नव्हते. आयोगाने नोव्हेंबर १९९८ मध्ये नियम वाढवून भाड्याच्या घराची बाल्कनी त्यात घेतली. इमारतमालकांची संघटना न्यायालयात गेली आणि वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये आयोगाची बाजू उचलून धरली: ती बाल्कनी मालकाने स्वतःच भाड्याने देऊन टाकली आहे, तिथे कोणी परका घुसत नाही. सामाईक छपराला हात लावायला मात्र आयोग धजला नाही, आणि त्यामागे १९८२ चा लॉरेटो खटला आहे. न्यूयॉर्कमध्ये एका बाईने पाच मजली इमारत घेतली आणि नंतर तिला कळले की छपरावरून केबल कंपनीची तार गेली आहे, अर्ध्या इंचाहून बारीक. राज्याच्या कायद्याने मालकाला ती अडवता येत नव्हती आणि भरपाई ठरली होती एक डॉलर. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, जागा बोटभर असली तरी ती कायमची व्यापली म्हणजे संपादनच झाले, आणि राज्यघटनेप्रमाणे त्याची भरपाई द्यावी लागेल. या निकालाच्या सावलीत सामाईक छपरावर प्रत्येकाला अँटेना लावू देणे म्हणजे खटल्यांचे मोहोळ उठवणे होते.

कायद्याच्या दृष्टीने आयोगाचे बरोबर असेल, पण परिणाम पाहा. अंगणवाल्या घराच्या मालकाला पुरा हक्क. दक्षिणेकडे बाल्कनी असलेल्या फ्लॅटवाल्याला बाल्कनीपुरता हक्क. उत्तरेकडे बाल्कनी असलेल्याला डिशचा हक्क फक्त कागदावर. आणि बाल्कनीच नसलेल्या स्वस्तातल्या खोलीत राहणाऱ्याला काहीच नाही. फुकटच्या टीव्हीची गरज या यादीत वरून खाली वाढत जाते आणि हक्क वरून खाली कमी होत जातो. त्यावर उपाय नव्हता असे नाही. असोसिएशनच्या मालकीच्या छपराचा मालक शेवटी सभासदांचा समूहच असतो. लॉरेटोतल्या एकट्या इमारतमालकिणीसारखा तो परका नाही. अशा छपरावर सर्वांसाठी एक सामाईक अँटेना बसवण्याची मागणी सभासदाने केली तर ती विनाकारण फेटाळता येऊ नये, एवढे तरी नियमात घालता आले असते. आज सामाईक अँटेना ही असोसिएशनच्या हातातली सवलत आहे. तिला वाटले तर ती देते.

उलट जिथे प्रेक्षकाची गरज धूसर आहे तिथे नियम पुढे गेला आहे. मार्चअखेर २०२१ पासून इंटरनेट कंपन्यांचे असे अँटेनाही त्यात आले जे मुख्यतः पुढच्या घरांकडे सिग्नल पोचवण्यासाठी असतात. त्याला आव्हान दिले गेले आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. घरमालकाला स्वतःचा टीव्ही पाहता यावा म्हणून सुरू झालेला नियम इथे कंपनीच्या जाळ्यातली गाठ आपल्या छपरावर बसवून देणाऱ्याचेही रक्षण करू लागला. खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायला हे उपयोगी आहे हे मान्य, पण अशा गाठीविरुद्ध शेजाऱ्याने तक्रार केली तर तिला १९९६ च्या डिशविरुद्धच्या तक्रारीहून अधिक वजन आहे, हेही मान्य करायला हवे.

आणि हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळे ‘हॅम’ म्हणतात, ते अजून बाहेरच आहेत. ओटार्ड त्यांना लागू नाही. आयोगाच्या १९८५ च्या एका आदेशाने नगरपालिकांना त्यांच्या मनोऱ्यांना वाजवी सामावून घ्यायला सांगितले, पण खासगी दस्तांना त्या आदेशाने हात लावला नाही. वादळात फोन मेले की हीच माणसे निरोप पोचवतात, हा त्यांचा युक्तिवाद; त्यामागे केबल किंवा उपग्रह कंपनीसारखा कोणाचा धंदा मात्र नाही. असोसिएशनच्या घरांत निदान एक परिणामकारक अँटेना लावू द्यावा, असे विधेयक प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर केले आणि जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा मंजूर केले. दोन्ही वेळा ते सिनेटमधून बाहेर आले नाही.